सुप्रीम कोर्टाची पहिली वर्षं आणि सफरचंदाचा पाय: ओव्हनशिवाय, वाचनालयात

नळगंगाकाठ
गावच्या वाचनालयात १ फेब्रुवारीला नववी-दहावीच्या मुलांसाठी कार्यक्रम आहे. विषय अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाची पहिली वर्षं, आणि सोबत तिथला सफरचंदाचा पाय (ॲपल पाय, मैद्याच्या पारीत सफरचंदं भरून भाजतात तो) समोर करून दाखवायचा. टिपणात लिहिलंय की १ फेब्रुवारी १७९० ला सहा न्यायाधीश बसले आणि खटले सुरू झाले. बरोबर आहे का? दुसरी अडचण पायची. ओव्हन नाही, लाइटीचा भरवसा नाही. कढईत मीठ तापवून केला तर खालून करपतो, वरून पांढरा राहतो, आत पाणी सुटतं. पाव किलो मैदा, साजूक तूप आणि मलकापूरच्या बाजारातली गोड लाल सफरचंदं घेतली होती.

कोर्टकचेरी
तारीख बरोबर, बाकी दोन्ही चूक. १७८९ च्या कायद्याने सहा न्यायाधीश ठरवले आणि कामाला किमान चार हवेत असंही ठरवलं. १ फेब्रुवारीला न्यूयॉर्कच्या एक्स्चेंज इमारतीत आले तिघेच: सरन्यायाधीश जॉन जे, विल्सन आणि कुशिंग. गणपूर्ती नाही म्हणून बैठक उठली. दुसऱ्या दिवशी जॉन ब्लेअर पोचले तेव्हा कोर्ट बसलं. समोर खटला एकही नव्हता. नियम करणं, वकिलांची नोंद घेणं, एवढंच काम. मुलांना हेच सांगा, आपल्या ग्रामसभेची गणपूर्ती त्यांना ठाऊक असते.

न्यायाधीशांचा खरा वेळ जायचा फिरतीत. वर्षातून दोनदा घोड्यावर नाहीतर गाडीतून जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन सर्किट कोर्टं चालवायची. म्हणून ही नोकरी फारशी कुणाला नको असायची. जॉन जे १७९५ मध्ये राजीनामा देऊन न्यूयॉर्कचे गव्हर्नर झाले. १८०० मध्ये पुन्हा नेमणूक झाली तेव्हा या कोर्टाला वजन नाही असं सांगून त्यांनी नकार दिला, आणि जागा जॉन मार्शल यांच्याकडे आली.

मधला एक निकाल सोडू नका, चिझम विरुद्ध जॉर्जिया, १७९३. दुसऱ्या राज्याचा नागरिक एखाद्या राज्यावर दावा लावू शकतो, असं कोर्टाने ठरवलं. राज्यं इतकी खवळली की थेट घटनेतच अकरावी दुरुस्ती झाली.

चुलीवरची_भट्टी
पायमध्ये तीन चुका आहेत, तिन्ही वेगळ्या.

तूप: त्यात पाणी नसतं. लोण्यातल्या पाण्याची वाफ होते, ती पिठाचे पदर उचलते. तुपाने नानकटाईसारखं खुसखुशीत होईल, पदर सुटणार नाहीत. १८ सेंमीच्या डब्याला मैदा २०० ग्रॅम, फ्रिजमधलं घट्ट बटर १२० ग्रॅम (खारं असेल तर मीठ नको), बर्फाचं पाणी ४-५ मोठे चमचे. बटरचे वाटाण्याएवढे तुकडे पिठात दिसत राहिले पाहिजेत. पोळीच्या कणकेसारखं मळलं की पीठ ताण धरतं आणि भाजताना आकसतं. दोन गोळे करून तासभर थंड ठेवा.

पाणी: सोललेली ६०० ग्रॅम सफरचंदं अर्धा सेंमी जाड कापा. साखर ७० ग्रॅम, एका लिंबाचा रस आणि दालचिनीची पूड अर्धा चमचा लावून अर्धा तास ठेवा. सुटलेला रस गाळून दाट होईपर्यंत आटवा, गार करा. फोडींना एक मोठा चमचा कॉर्नफ्लोर लावून रस परत मिसळा. आपल्याकडची लाल सफरचंदं गोड पण आंबटपणाला कमी, म्हणून लिंबू सोडू नका.

धग: मिठाच्या कढईत वरून धगच नसते, पाय पांढरा राहणारच. रोडगे भाजणाऱ्या गावात हे सांगायला नको! जाड बुडाचा गंज, म्हणजे मोठं पातेलं घ्या, आत तिवईवर डबा, वर सपाट लोखंडी झाकण आणि त्यावर निखारे. खाली जेवढे, वर त्याच्या दुप्पट. गोवरीपेक्षा बाभळीचे बरे, धूर कमी; राख चढल्यावरच वापरा. गंज दहा मिनिटं आधी तापवा. एक गोळा लाटून डब्यात पसरा, फोडी भरा, दुसरा लाटून वर लावा. वरच्या पारीला चार चिरा द्या. पहिली २० मिनिटं कडक, मग थोडे निखारे काढून ३५-४० मिनिटं. चिरांतून दाट रस बुडबुडायला लागला की झाला. पातळ रस उसळत असेल तर अजून दहा मिनिटं.

नळगंगाकाठ
आभारी आहे भाऊ. मुलं चाळीस आहेत आणि लगेच वाढायचा आहे.

कोर्टकचेरी
लगेच नको. गरम कापला तर आतला रस वाहून जातो, निदान अडीच-तीन तास थांबा. तोच वेळ इतिहासाला द्या: पीठ थंडावतंय तोवर १७९०, भट्टीत आहे तोवर फिरती आणि चिझम, गार होतोय तोवर १८०३ चा मार्बरी विरुद्ध मॅडिसन. तो खटला वेळ खातो. मार्बरी न्यायदंडाधिकारी नेमला गेला होता, पण त्याचं नेमणूकपत्र पोचवायचं राहिलं होतं, आणि ते राहिलं ते मार्शल परराष्ट्रमंत्री असतानाच! पत्रावर त्याचा हक्क आहे असं सांगून मार्शल पुढे म्हणाले, की ते द्यायला लावण्याचा अधिकार आम्हाला देणारं १७८९ च्या कायद्यातलं कलमच घटनेविरुद्ध आहे. छोटा अधिकार सोडला आणि कायदा रद्द करण्याचा मोठा अधिकार पदरात पाडून घेतला.

आपल्याकडचा धागा हवा असेल तर नागपूर हायकोर्ट १९३६ चं. तिथले मुख्य न्यायाधीश व्हिव्हियन बोस १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टात गेले. आणि इमारतीचं म्हणाल तर दोन्ही देशांची कोर्टं आधी दुसऱ्याच्या घरात: आपलं संसद भवनात १९५८ पर्यंत, त्यांचं शेवटची बरीच वर्षं कॅपिटलमध्ये, म्हणजे त्यांच्या संसदेच्या इमारतीत, १९३५ पर्यंत.

चुलीवरची_भट्टी
चाळीस जणांना १८ सेंमीचे पाच, प्रत्येकी आठ तुकडे. गंज एकच असेल तर चार आदल्या संध्याकाळी भाजून ठेवा, जानेवारी-फेब्रुवारीच्या थंडीत झाकून राहतात. पाचवा मुलांसमोर. १७९६ साली अमेरिकेत छापलेल्या एका कृतीत सफरचंदं आधी शिजवून गाळून घेतात आणि दालचिनी, जायपत्री, लिंबाच्या सालीसोबत गुलाबपाणी घालतात. त्या पाचव्यात एक चमचा गुलाबपाणी टाका, जास्त झालं तर शरबताची चव येते.