चेटकीण ‘प्रेमळ’ वाटणाऱ्या मुलीला पुढे कसे वाचून दाखवावे?

प्रश्न
माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला मी सध्या रोज रात्री सी. एस. लुईस यांची ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ ही कादंबरी वाचून दाखवते. इंग्रजी परिच्छेद वाचायचा आणि अडेल तिथे मराठीतून सांगायचे, असा आमचा क्रम आहे. पांढरी चेटकीण एडमंडला पहिल्यांदा भेटते, कुडकुडणाऱ्या त्या मुलाला आपल्या झग्याच्या उबेत घेते, गरम पेय पाजते आणि टर्किश डिलाइटने भरलेला डबा त्याच्यापुढे ठेवते, तो प्रसंग परवा वाचून झाला. (हा पदार्थ म्हणजे साधारण आपला कराची हलवा, असे मी तिला सांगितले.) चेटकीण प्रेमळ आहे आणि एडमंडच हावरट व खोटारडा आहे, असे मुलीने ठरवून टाकले आहे. चेटकिणीचा कावा मी आत्ताच उलगडून सांगावा का? एडमंडविषयी तिच्या मनात बसलेली अढी मला जास्त अस्वस्थ करते.

प्रतिसाद १
कृपया आधी सांगू नका. ऐकणारे मूलही एडमंडबरोबर थोडे फसावे, अशीच त्या प्रसंगाची बांधणी आहे. त्याऐवजी तेच प्रकरण पुन्हा एकदा सावकाश वाचा आणि चेटकीण काय देते यापेक्षा ती काय विचारते, याकडे मुलीचे लक्ष जाऊ द्या. तोंड आणि बोटे चिकट होईपर्यंत एडमंड खात असतो आणि तेवढ्या वेळात भावंडे किती, हे ती त्याच्याकडून काढून घेते. मी माझ्या मुलाला हे दुसऱ्यांदा वाचून दाखवले तेव्हा त्याने मला थांबवून विचारले, “मग सुरुवातीला ती त्याच्यावर ओरडली का होती?” हा प्रश्न मला स्वतःला सुचला नव्हता.

प्रतिसाद २
वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, पण एक गोष्ट मी मुलांच्या शोधावर सोडणार नाही. आपली भेट आपल्या दोघांतच राहू दे, असे चेटकीण एडमंडला सुचवते. खाऊ देऊन वर ‘घरी सांगू नकोस’ म्हणणाऱ्या मोठ्या माणसाविषयी घरी लगेच सांगायचे असते, हे त्याच रात्री स्पष्ट शब्दांत सांगावे.

‘हावरट’ या शब्दाबद्दलही थोडे लिहितो. ब्रिटनमध्ये मिठाईचे रेशनिंग १९४२ साली सुरू झाले आणि १९५३ च्या फेब्रुवारीत कायमचे उठले. पुस्तक १९५० चे आहे आणि त्यातली मुले युद्धकाळात लंडनहून गावी पाठवलेली आहेत, त्यामुळे तो भरलेला डबा तेव्हाच्या वाचक मुलांना किती मोठा वाटला असेल, याचा विचार करावा. शिवाय ती मिठाई मंतरलेली असते आणि एकदा चाखली की सुटत नाही. मात्र माझ्या मते खरे आमिष मिठाईचे नाहीच. एडमंडला राजपुत्र आणि पुढे राजा करीन, त्याच्या भावाला नुसता सरदार करीन, असे ती म्हणते. थोरल्या भावाच्या, पीटरच्या, मोठेपणाचा त्याला किती जाच होतो, हे तिने नेमके हेरलेले असते. ज्या मुलांना मोठी भावंडे आहेत त्यांना हे सांगावे लागत नाही.

प्रतिसाद ३
ताई, अढीची काळजी करू नका, अस्लानची, म्हणजे शीर्षकातल्या सिंहाची, भेट येईपर्यंत थांबा. तो एडमंडला बाजूला नेऊन एकट्याशी बोलतो. काय बोलतो ते लेखक आपल्याला सांगतच नाहीत. नंतर तो भावंडांना म्हणतो की झाल्या गोष्टींविषयी याच्याशी बोलण्याची गरज नाही. तिथे तुम्हीही काही समजावू नका.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. काल आम्ही चेटकिणीच्या वाड्यापर्यंत पोहोचलो. भावंडांना घेऊन ये असे तिने सांगितलेले असूनही एकटाच आलेला एडमंड टर्किश डिलाइट मागतो आणि त्याच्यापुढे लोखंडी ताटलीत कोरड्या पावाचा तुकडा येतो, तेव्हा मुलगी अंथरुणात उठून बसली आणि म्हणाली, “तो एकटा आला म्हणून ना? बाकीच्यांना आणलं असतं तर दिला असता.” मी फक्त मान हलवली. दिवा मालवल्यावर तिने हळूच विचारले की धाकट्या बहिणीला, ल्युसीला, खोटे पाडल्याबद्दल एडमंड तिची माफी मागतो का. ते पान आज रात्री वाचायचे आहे.