मदत हवी आहे: एफ-१५० पुढून दीड इंच उचलायची आहे, स्पेसर (उंची वाढवणारी चकती) की कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला संच)?

२०१८ ची फोर्ड एफ-१५० पिकअप, फोर बाय फोर, टायर २७५/६५ आर१८. पुढची बाजू मागच्यापेक्षा २ इंच खाली आहे. अधूनमधून ट्रेलर ओढायचा असतो, म्हणून पुढचं-मागचं अगदी एका पातळीत नकोच. मागचं बसलं की नाक वर जातं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत.

स्ट्रटच्या (शॉक आणि त्यावरची स्प्रिंग) माथ्यावरचा स्पेसर स्वस्त, स्प्रिंग दाबावी लागत नाही. पण चाक धरणाऱ्या आर्मच्या लिव्हरेजमुळे (तरफेसारख्या कामामुळे) १ इंचाचा स्पेसर चाकाशी जवळपास २ इंच उचलतो. शिवाय चाक लटकलं की सीव्ही (चाक फिरवणाऱ्या अ‍ॅक्सलचा सांधा) आणि बॉल जॉइंट (आर्म आणि चाकाकडचा भाग जोडणारा सांधा) आधीपेक्षा तिरके होतात. स्प्रिंगवरच्या प्रीलोड (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणाऱ्या) स्पेसरमध्ये हे होत नाही, मात्र खड्ड्यात चाक खाली जायला जागा कमी उरते आणि स्ट्रट पूर्ण लांबून ठोकतो. उंची बदलता येणारे कॉइलओव्हर सगळ्यात बरे, पण महाग.

ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा:
दीड इंचाला कंपनीच्याच अप्पर आर्मवर कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) मर्यादेत बसतो का? अलाइनमेंटचा प्रिंटआउट असेल तर फारच उत्तम.
नकल (हब धरणारा भाग) खाली सोडताना हबची (फोर बाय फोर जोडणारी-सोडणारी) व्हॅक्यूम नळी कुठून मोकळी करता? ती ओढली जाऊन गळली की चालताना हब घरघरतो.
आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच आवळणार आहे. टॉर्कचे आकडे कुणाकडे आहेत का?