बाराशेची वाढ अन् हाती काय?

वर कोणीतरी लिहिलंय, दहा टक्क्यांखालची पगारवाढ म्हणजे वाढच नाही. मी हिंगणघाटकडं एका सूतगिरणीत आहे, इथं टक्क्यानं भागत नाही भाऊ. मागच्या वर्षी माझा पगार 20,400 चा 21,600 झाला. घरी पेढे आणले! पण ईएसआयची, म्हणजे कामगार अन् त्याच्या घरच्यांच्या औषधपाण्याच्या सरकारी विम्याची, पगारमर्यादा महिना 21,000. सहामाही संपली की कपात बंद, पुढं कार्डही बंद. कपात जायची पाऊण टक्का, म्हणजे 153 रुपये. त्यात मायची बीपी-शुगरची औषधं निघत होती. आता मेडिकलवालाच महिन्याला नऊशे घेते. साहेबाला म्हटलं, एक तर 20,900 ठेवा, नाहीतर सरळ 24,000 करा. हसले नुसते.