मिसळीच्या ब्रेडसाठी गहू कोणता? खपली चालेल का? (कोल्हापूर)

रंकाळाकाठ
मंडळी, राजारामपुरीत घरगुती ऑर्डरी घेते. आपल्याकडं मिसळ ब्रेडशीच लागते, आणि आता काही गिऱ्हाइकं "मैदा नको, खपलीचाच ब्रेड द्या" म्हणून अडून बसलीत. खपली दळून आणली. खीर, पुरणपोळी फक्कड. ब्रेड मात्र फुगतच नाही, कापताना भुगा होतो. त्याच यीस्टनं मैद्याचा व्यवस्थित येतो. खपलीतला एखादा चांगला वाण सुचवा. नाहीतर लोकवन, सरबती, बन्सी यातलं काय घेऊ? लक्ष्मीपुरीत सगळं मिळतं, पण दुकानदार प्रत्येक पोत्याला 'एक नंबर' म्हणतो.

गिरणीकट्टा
ताई, ब्रेडसाठी खपलीच्या नादाला लागू नका. बन्सी पण नको, ती शेवया-रव्याची. लोकवन घ्या. आणि दळताना पीठ लई तापू देऊ नका म्हणून सांगा.

बियाणेवाला
वाण बदलून हे सुटणार नाही. लोकवन, सरबतीत गुणसूत्रांचे तीन संच असतात: ए, बी, डी, मिळून ४२. खपली आणि बन्सीत ए आणि बी एवढेच, २८. डी संच साध्या गव्हाला काही हजार वर्षांपूर्वी एका रानगवताकडून मिळाला, कास्पियन समुद्राच्या बाजूला.

पिठातला गॅस धरून ठेवतं ते ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन. त्यातल्या ग्लुटेनिनच्या मोठ्या रेणूंची जनुकं १ए, १बी आणि १डी (म्हणजे त्या त्या संचातलं एक नंबरचं) या गुणसूत्रांवर बसतात, आणि ब्रेडच्या ताकदीत १डीचा वाटा मोठा. खपलीत तेच गुणसूत्र नाही. प्रथिनं भरपूर असूनही खपलीची कणीक ताणली की तुटते ती यामुळं.

१डीवरही सगळं सारखं नसतं. १९८० च्या आसपास केंब्रिजच्या प्लांट ब्रीडिंग इन्स्टिट्यूटमध्ये पेन नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाणावाणांची प्रथिनं वेगळी करून बघितली. १डीवरच्या ग्लुटेनिन रेणूंना नंबर दिलेत; त्यातली '५+१०' ही जोडी असलेल्यांचा ब्रेड '२+१२' वाल्यांपेक्षा सरस निघाला. ५ नंबरच्या रेणूत सिस्टीन हे अमिनो आम्ल एक जादा असतं, त्यामुळं रेणू एकमेकांना जास्त बांधले जातात असं मानतात.

गिरणीकट्टा म्हणतात ते बन्सीचंही डीशीच जोडलेलं आहे. दाणा मऊ ठेवणारी प्युरोइंडोलिनची जनुकं ५डीवर. बन्सीत ती नाहीत, म्हणून दाणा कडक आणि रवा झकास पडतो.

रंकाळाकाठ
बापरे! मग लोकवनच्या पोत्यात ५+१० आहे का, हे दुकानात कसं कळणार?

बियाणेवाला
डोळ्यांनी नाही कळणार. शिवाय जोडी चांगली असली तरी प्रथिनांचं प्रमाण शेतावर ठरतं: नत्र किती दिलं, दाणा भरताना ऊन किती पडलं. म्हणून पोतं घेऊ नका, दोन-तीन दुकानांतून थोडं थोडं आणा. प्रत्येकाची घट्ट कणीक मळा, थोडा वेळ पाण्यात ठेवा, मग वाहत्या पाण्याखाली स्टार्च धुऊन टाका. हातात जो चिकट गोळा उरेल तो ताणून बघा. लांब जाऊन परत आखडतो तो ब्रेडचा. खपलीचा असाच धुऊन बघा, हातातच विस्कटेल.

पोळपाट_लाटणं
एक मात्र ध्यानात घ्या, ब्रेडला चांगला तो चपातीला चांगला असं नाही. ग्लुटेन फार ताकदीचं असलं की लाटलेली चपाती मागं सरकते. सी-३०६ या गव्हाच्या वाणाचं नाव झालं ते चपातीमुळं. माझ्या मते खपली हवी म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला खपलीची भाकरी-पोळीच द्यावी. मिसळीशी काय वाईट लागते?

गिरणीकट्टा
वाईट नाही, पण कट बुडवून खायला स्लाइसच लागतो बघा!

बियाणेवाला
मधला मार्ग: पाव हिस्सा खपली, बाकी ताकदीचं लोकवन. अख्ख्या पिठातला कोंडा ग्लुटेनची जाळी कापतो, तेव्हा लोकवनचं पीठ बारीक चाळणीनं चाळून घ्या. कणीक जरा सैल ठेवा. आणि कुणी 'ग्लुटेन चालत नाही' म्हणून खपली मागत असेल तर त्याला देऊ नका. खपलीतही ग्लुटेन असतंच, सीलिॲक (ग्लुटेन न सोसण्याचा आजार) असलेल्याला ती चालत नाही.

रंकाळाकाठ
त्या गिऱ्हाइकांपैकी एकांचं कारण तेच आहे! आजच फोन करते. लोकवनचे नमुने या आठवड्यात धुऊन बघते, इथंच फोटो टाकीन.