गोळीने मोडलेलं हाड: त्रुएताचं बंद प्लास्टर आजही चालेल का?

रानवाटा (धागाकर्ता)
स्पेनच्या यादवी युद्धात बार्सिलोनाच्या जोसेप त्रुएता या सर्जनने गोळ्या-बॉम्बनी फुटलेली हाडं बंद प्लास्टरमध्ये ठेवून बरी केली. १,०७३ रुग्णांपैकी दगावले फक्त ६, तेही पेनिसिलिन नसताना. जिथे नर्स आणि औषधं अपुरी आहेत तिथे आजही हाच मार्ग धरावा, असं माझं ठाम मत आहे. त्याऐवजी फिक्सेटर (हाडात पिना घालून त्याला बाहेरून धरून ठेवणारी चौकट) लावला, तर त्या पिनांची रोज निगा कोण राखणार? पिनेच्या वाटेने जंतू शिरतात ते वेगळंच.

अस्थिमित्र
अजिबात पटलं नाही. रायफलची गोळी हाडाभोवतीचा स्नायूही मारते. त्यातलं काय जगणार, काय मरणार, ते पहिल्या दिवशी नीट कळत नाही. म्हणून दोन-तीन दिवसांनी जखम पुन्हा बघावी लागते. प्लास्टरखाली काय बघणार? आत पाय सुजला तर रक्तपुरवठाच बंद पडतो. फिक्सेटरने हाड स्थिर राहतं आणि जखम डोळ्यांसमोर असते. धमनी जोडलेली असेल तर बंद प्लास्टरचं नावही काढू नका.

रानवाटा
त्रुएता जखमेवर थेट प्लास्टर चढवत नव्हता. आधी धुणं, मेलेलं मांस कापणं, निचऱ्यासाठी कोरडं गॉज भरणं, टाके न घालणं, आणि मग प्लास्टर. नुसती दुर्गंधी आली म्हणून ते उघडायचंही नाही.

अस्थिमित्र
मग श्रेय त्या कापण्याला द्या! बॉम्ब शहरावरच पडत होते, जखमी लवकर टेबलावर यायचे. दोन दिवस खटाऱ्यात हेलकावे खात आलेल्या जखमीला तो आकडा लावता येणार नाही.

सुषमा_ओटी
हाड हलू न देण्याचं मोल तरी कमी लेखू नका. पहिल्या महायुद्धात थॉमस स्प्लिंट (मोडलेला पाय ताणून स्थिर धरणारी धातूची चौकट) आली आणि मांडीचं हाड मोडलेले कितीतरी सैनिक वाचले. आणि सगळ्या गोळ्या एका मापाने का मोजताय? पिस्तुलाची गोळी, छोटं भोक, हाड जागेवर: अशा वेळी जखम साफ करून प्लास्टर पुष्कळदा पुरतं. गोळी आत राहिली तरी चालते. फक्त सांध्यात नको, तिथल्या द्रवात शिसं विरघळतं.

अस्थिमित्र
सुषमाताई, पिस्तुलाचं मान्य. रायफलच्या जखमेला फिक्सेटर नसेलच, तर अर्धं प्लास्टर (पूर्ण न वेढता एका बाजूनेच आधार देणारं) द्या, बोटं उघडी ठेवा, तासातासाला तपासा. पूर्ण बंद करून रुग्ण पुढे पाठवणं मला मान्य नाही.