कृतज्ञतेची वही चौथ्याच दिवशी अडते

प्रश्न: मी नर्स, बहुतेक रात्रपाळी. झोपण्याआधी तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या म्हणून वही आणली. चौथ्या दिवसापासून तेच ते: आई बरी आहे, नोकरी आहे, चहा मिळाला. मस्टरवर सही केल्यासारखं! तुम्ही कसं टिकवलंत?

उत्तर १: रोजचा हट्ट सोडा. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फरक जाणवला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. एमन्स आणि मॅककलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३च्या गाजलेल्या अभ्यासातही एक गट आठवड्यातून एकदाच लिहायचा.

उत्तर २: मला वहीबिही जमत नाही. काल पावसात वॉचमनकाकांनी माझी वाळत घातलेली गोधडी काढून जिन्यात ठेवली, घडी घालून, वर चिमटे मोजून. संध्याकाळी त्यांना गरम भजी देऊन आलो. रोज एकाचे तरी समोरासमोर आभार मानायचे, एवढंच पाळतो. (बायकोचा नंबर अजून लागलेला नाही, ती हे वाचतेय.)

प्रश्नकर्ती: आजची नोंद एकच. पहाटे चारला जड पेशंटला कुशीवर वळवत होते. हाक न मारता वॉर्डातल्या मावशी आल्या, चादरीचं दुसरं टोक धरलं. सुटी होताना त्यांचे आभार मानले. त्या म्हणाल्या, "अगं, तुझी कंबर गेली तर मलाच उचलावं लागेल!"