मदत हवी आहे: घरच्या मेल सर्व्हरवर जोडपत्राचे मेल अर्ध्यात तुटतात

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी जुन्या डेस्कटॉपवर डेबियन (लिनक्स) टाकून पोस्टफिक्स आणि डव्हकॉट हे मेल सर्व्हरचे प्रोग्राम चालवतो. भावकीचे जुने फेरफार, वाटणीपत्रं, सातबारे मुंबई-पुण्याची मंडळी स्कॅन करून याच पत्त्यावर पाठवतात. घरचे कागद घरातच राहावेत हा आजोबांचा आग्रह, म्हणून स्वतःचा सर्व्हर.

जूनमध्ये माडाची झावळ पडून जुनी लाइन तुटली, फायबर घेतलं. आयपी स्थिर आहे, मेल आत येण्याचा २५ नंबरचा पोर्ट बाहेरून उघडा आहे. तेव्हापासून दोन ओळींचा मेल लगेच येतो, पण जोडपत्र असलं की जोडणी लटकते आणि बरोबर पाच मिनिटांनी लॉगमध्ये ‘टाइमआउट आफ्टर डेटा’ उमटतं. समोरचा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, दर वेळी तेच. काही पत्त्यांवरून मात्र मोठे मेलही नीट येतात.

आधी केबलवर संशय आला. राउटर पडवीत आहे, आणि खाऱ्या हवेनं प्लगच्या पिना अक्षरशः हिरव्या पडल्या होत्या. कापून नवीन प्लग बसवला, फरक शून्य. मेलच्या आकाराची मर्यादा वाढवली, पण अडकणारा मेल जेमतेम ४०० केबीचा, त्यामुळे ते कारण नव्हतंच. घरातल्या वायफायवरून १२ एमबीची फाइल काही सेकंदांत जाते. म्हणजे सर्व्हर धड आहे.

मग पाकिटाचे तुकडे न करण्याचा पर्याय लावून पिंग केलं, म्हणजे बाहेर चाचणीची पाकिटं पाठवली. १४६४ बाइट जातात, १४७२ जात नाहीत. १४६४ मध्ये हेडरचे २८ मिळवले की १४९२, म्हणजे पीपीपीओईचा (जोडणीच्या लॉगिन पद्धतीचा) एमटीयू, अर्थात एका पाकिटाचा कमाल आकार. टीसीपीडंपमध्ये (पाकिटं तपासायच्या साधनात) मात्र आमचा सर्व्हर बाहेरच्यांना एमएसएस, म्हणजे हेडर सोडून एका पाकिटात मावणारा कमाल मजकूर, १४६० सांगताना दिसतो. तो १४५२ हवा ना? मोठी पाकिटं वाटेत गळत असावीत आणि ‘लहान पाठव’ हा आयसीएमपी निरोप पाठवणाऱ्यापर्यंत पोचत नसावा, असं मला वाटतं.

ब्राउझिंग आणि व्हिडिओ उत्तम चालतात, तिथेच अडलोय. घरातून सुरू होणाऱ्या जोडण्यांचा एमएसएस राउटर कमी करतो आणि बाहेरून आत येणाऱ्यांचा तसाच सोडतो, असं होऊ शकतं का? राउटरची ती सेटिंग कुलूपबंद आहे. जोडणी देणाऱ्यांना फोन केला तर “नेट चालतंय ना?” एवढंच विचारतात.

सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचा एमटीयू १४९२ करून टाकू, की एनएफटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) फक्त २५ नंबरच्या पोर्टसाठी एमएसएस बांधू? पहिला उपाय सोपा आहे, पण घरातली बाकी यंत्रं १५०० वरच राहतील. त्यानं काही बिघडेल का? कुणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा.

गणपतीला सगळे घरी जमतील, तेव्हा वाटणीचे कागद समोर ठेवायचे आहेत आणि दोन चुलत्यांचे स्कॅन अजून अडकलेत. लॉगचा कुठला भाग पाहायचा असेल तर सांगा, लाइट असली तर रात्रीच टाकतो.